मेलेल्या जीवाणूच्या मागे काय उरतं?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी दिलेल्या व्याख्यानाचा, स्मरणिकेसाठी थोडा आवरून घेतलेला मजकूर.)



गणपतीच्या मांडवात जीवाणूंवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "विषय थोडा हलका नाही का करता येणार?" आम्ही म्हटलं, हलकाच आहे, जीवाणूचं वजन ते किती! पण खरं सांगायचं तर आज आम्ही इथे उभे आहोत ते एक चूक दुरुस्त करायला. ती चूक आमचीच आहे आणि ज्यांच्यापुढे केली त्यांपैकी चारपाच मंडळी समोरच बसली आहेत.

झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडी आमच्या सोसायटीच्या बागेसाठी खताची काही पोती आली. मैलापाणी शुद्ध करताना तळाशी जो गाळ बसतो त्याचं वाळवलेलं, गॅमा किरणांखालून काढलेलं खत. नुसतं 'मैल्याचं खत' म्हटल्यावर जिन्यात नाकं मुरडली गेली. मग शेजारच्या काकांनी आम्हाला अडवलं. आम्ही दोघांनी मिळून पन्नासेक वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं, तेव्हा निकाल आम्हीच द्यायचा. आम्ही दिला. म्हटलं, "निर्धास्त वापरा काका, त्यात सगळं मेलेलं आहे."

त्याच आठवड्यात आमच्या घरी आईंना ताप आला. वय ८४. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. तपासणीचा जो कागद हाती आला त्यावर डाव्या बाजूला प्रतिजैविकांची नावं आणि उजवीकडे एकाखाली एक 'आर', 'आर', 'आर'. म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जंतूवर चालत नाही. खाली दोनच औषधांपुढे 'एस' होता आणि ती दोन्ही इंजेक्शनं. आई बऱ्या झाल्या, आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पण त्या रात्री तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्ही बराच वेळ बसलो होतो. हे इतके 'आर' एका साध्या जंतूने जमवले कुठून? आणि मग आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघालं, "अगं, आपण काकांना सांगितलं ते अर्धंच खरं आहे."

का अर्धं, ते सांगायचं तर १९२८ सालच्या लंडनमध्ये जावं लागेल.

फ्रेडरिक ग्रिफिथ नावाचे एक डॉक्टर तिथे न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. या न्यूमोकॉकस जंतूचे दोन अवतार असतात. एकाच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं बुळबुळीत आवरण असतं. त्याची वसाहत काचेच्या थाळीत गुळगुळीत दिसते आणि तो उंदराला मारतो. दुसऱ्याचं आवरण हरवलेलं असतं, वसाहत खरबरीत दिसते आणि तो बिचारा निरुपद्रवी. ग्रिफिथ यांनी गुळगुळीत जंतू ६० अंशांवर तापवून मारले आणि उंदरांना टोचले. काही झालं नाही. नुसते जिवंत खरबरीत टोचले, तरी काही झालं नाही. पण मेलेले गुळगुळीत आणि जिवंत खरबरीत एकत्र टोचले, तर उंदीर मेले. आणि त्यांच्या रक्तात जिवंत, गुळगुळीत, आवरणवाले जंतू सापडले. मेलेले उठले नव्हते. जिवंतांनी मेलेल्यांकडून आवरण करण्याची विद्या घेतली होती आणि ती पुढच्या पिढ्यांनाही दिली होती. यालाच जीवाणूंचं रूपांतरण म्हणतात.

ती विद्या कोणत्या पदार्थात असते, हे ठरायला आणखी सोळा वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओसवाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी मेलेल्या जंतूंचा अर्क घेऊन त्यातून एकेक पदार्थ बाद करत नेला. प्रथिनं काढली, तरी रूपांतरण होतंच. साखरेचं आवरण काढलं, तरी होतंच. डीएनए कापणारं विकर घातलं, की थांबलं. त्यांचा शुद्ध केलेला डीएनए साठ कोटी भागांत एक भाग इतका विरळ केला तरी काम करत होता. हे १९४४ साल. ग्रिफिथ ते पाहायला नव्हते. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ते गेले. एव्हरींना नोबेल मिळालं नाही याची हळहळ आम्ही वर्गात दरवर्षी व्यक्त करायचो आणि मुलं दरवर्षी ती उत्तरपत्रिकेत लिहायची. गुण मात्र त्याला नव्हते.

म्हणजे बघा, वीसेक वर्षं दर जुलैत आम्ही हा प्रयोग फळ्यावर काढत होतो. मारलेला जंतू म्हणजे संपलेला जंतू नव्हे, हाच त्याचा सगळा अर्थ. आणि जिन्यात उभं राहिल्यावर नेमकं तेच विसरलो.

आता तुम्ही म्हणाल, ग्रिफिथ यांनी तापवून मारले. ६० अंशांनी डीएनएला फारसं काही होत नाही. गॅमा किरणं तर थेट डीएनएच तोडतात. मग ते कसं उरेल? शंका अगदी रास्त आहे.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशाच्याच जातीचा, पण फार जास्त ऊर्जेचा किरण. आपल्याकडे कारखान्यांत आणि रुग्णालयांत तो बहुधा कोबाल्ट-६० पासून मिळतो. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं आहे. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो वस्तूने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. ऐकायला मोठं वाटतं, म्हणून एक हिशेब सांगतो. सबंध शरीराला चार-पाच ग्रे एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. पण त्या चार-पाच ग्रेमधली उष्णता म्हणाल, तर सकाळच्या चहाच्या एका घोटाने अंगात जाते त्याहून कमी! दहा हजार ग्रे दिले तरी पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापेल. तेव्हा गॅमा किरण काही शिजवत नाहीत. ते मोजक्या ठिकाणी तोडतात आणि तुटण्याची जागा डीएनए असेल तर पेशी अडचणीत येते.

तोडतात तेही दोन तऱ्हांनी. कधी किरणाचा तडाखा थेट डीएनएच्या धाग्यालाच बसतो. कधी तो आजूबाजूच्या पाण्याला बसतो. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय उतावळा मूलक तयार होतो आणि समोर जे येईल त्याचा लचका तोडतो. जिवंत पेशीत बराचसा घात या पाण्यातल्या मूलकांकडूनच होतो.

आमच्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट आहे. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूतला डीएनएचा एक छोटा गोल तुकडा. त्यावर अँपिसिलिनला दाद न देणारं जनुक होतं. त्याच्या नळ्या आम्ही गॅमा चेंबरमधून काढून आणल्या होत्या. हे प्लाझ्मिड पीळ घातलेल्या रबरबँडसारखं घट्ट गुंडाळलेलं असतं. दोन धाग्यांपैकी एक तुटला, की पीळ सुटून ते सैल वर्तुळ होतं. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले, की सरळ दोरी होते. जेलमध्ये विजेच्या ओढीवर हे तीन प्रकार वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्यामुळे तीन पट्टे दिसतात. पुढे तेच प्लाझ्मिड ई. कोलाय जंतूंना द्यायचं. जंतू कॅल्शियम क्लोराइडमध्ये, बर्फात ठेवायचे, मग दीड मिनिट ४२ अंशांच्या पाण्यात आणि पुन्हा बर्फात. या धक्क्याने काही जंतू प्लाझ्मिड आत घेतात. अँपिसिलिनच्या थाळीवर जेवढ्या वसाहती उगवतील तेवढे रूपांतरित. त्या दिवशी प्रयोगशाळेतलं बर्फाचं यंत्र बंद, म्हणून रसवंतीवाल्याकडून लादी आणून फोडली होती.

आम्ही घोळ असा केला, की निम्म्या नळ्या नुसत्या शुद्ध पाण्यात भरल्या आणि निम्म्या ट्रिस बफरमध्ये. मात्रा दोन्हींना सारखीच. पाण्यातल्या नळ्यांच्या थाळ्या जवळपास कोऱ्या, बफरमधल्यांवर वसाहतींचा सडा. दोन दिवस एकमेकांवर चिडून झाल्यावर मार्गदर्शक सर हसून म्हणाले, ट्रिस त्या उतावळ्या मूलकांना वाटेतच गिळतं. पाण्यात डीएनए एकटा सापडतो. पेशीचा आतला भाग तर प्रथिनांनी, साखरेने, मिठांनी खच्चून भरलेला. तिथे मूलकांना डीएनएपर्यंत पोचायच्या आधीच दहा गिऱ्हाइकं भेटतात. म्हणजे मेलेल्या जंतूच्या पोटातला डीएनए नळीतल्या उघड्या डीएनएपेक्षा बराच सुरक्षित असतो.

आता खरा मुद्दा येतो, तो आकाराचा. ई. कोलायचं गुणसूत्र सुमारे ४६ लाख अक्षरांचं आणि त्यात चार हजारांहून जास्त जनुकं. एक जनुक सरासरी हजारेक अक्षरांचं. जंतू मारायला सबंध गुणसूत्राची राख करावी लागत नाही. न सांधता येणाऱ्या थोड्या दुहेरी तुटी झाल्या की बस, त्याला पुढे विभागता येत नाही.

ज्ञानेश्वरीची पोथी डोळ्यासमोर आणा, सुमारे नऊ हजार ओव्यांची. कुणी ती शंभर ठिकाणी फाडली, तर पारायण होणार नाही. पण हाती आलेल्या कुठल्याही तुकड्यावर पन्नास-साठ ओव्या धडधडीत वाचता येतील. जंतूचं मरण म्हणजे पारायण थांबणं. प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक म्हणजे एक ओवी. पोथी निकामी करायला लागणारे फाटे आणि नेमकी ती एकच ओवी नासवायला लागणारे फाटे, यांत फार अंतर आहे.

हा दाखला फार ताणू नये. गॅमा किरण दुहेरी तुटी करतात त्याच्या कितीतरी पट एकेरी तुटी आणि अक्षरांवरच्या जखमाही करतात, म्हणजे फाटलेल्या पानावर शाईचे डागही पडतात. मात्रा वाढवत गेलं की डाग दाट होतात आणि ओव्याही वाचेनाशा होतात. शिवाय एरवी जोडीने जाणारी शेजारशेजारची दोन जनुकं किरण दिलेल्या डीएनएतून सुटी सुटी पोचायला लागतात, कारण मधला धागा तुटलेला असतो. हिमोफिलस नावाच्या जंतूमध्ये रूपांतरण कसं घडतं यावर आपल्याकडेही ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. एन. के. नोतानी यांनी मोठं काम केलं. हा जंतू आपल्या जातीचा डीएनए ओळखून आत ओढतो. त्याच्या डीएनएत नऊ अक्षरांची एक खूण जागोजाग पेरलेली असते, आपल्या माणसाच्या आडनावासारखी. आणि आत आलेला तुकडा थोडा दुखावलेला असला, तरी घेणाऱ्याची दुरुस्तीची यंत्रणा काही वेळा त्याला सावरून घेते. देणारा मेला म्हणून काय झालं, घेणारा धडधाकट असतो!

दुरुस्तीवरून एका जंतूची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वेळ झाली तरी अध्यक्ष दोन मिनिटं देतील. १९५६ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये आर्थर अँडरसन हे गॅमा किरणांनी डबाबंद मांस निर्जंतुक करता येतं का ते पाहत होते. भरपूर मात्रा देऊनही डबा नासला. आत एक लालसर जंतू सुखाने वाढत होता. त्याचं नाव पुढे डायनोकॉकस रेडिओड्युरान्स पडलं. पाच हजार ग्रे तो जवळपास विनातक्रार सोसतो. सात हजार ग्रेनंतर त्याच्या गुणसूत्रांचे वीस-तीस हजार अक्षरांचे तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा अखंड जोडतो.

कसं? त्याच्याजवळ पोथीच्या एक नाही, चार ते दहा प्रती असतात. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटलेली, तेव्हा एकीचा शेवट दुसरीच्या मध्याशी ताडून पाहायचा आणि पुढचं लिहीत जायचं. २००६ साली मिरोस्लाव्ह रॅडमन यांच्या गटाने हे उलगडून दाखवलं. अर्थात प्रती तर इतरही काही जंतूंजवळ असतात. डायनोकॉकसचं आणखी एक बळ म्हणजे त्याच्या पोटातलं मँगनीज. ते प्रथिनांना मूलकांपासून वाचवतं, म्हणजे जोडणारे कारागीर शाबूत राहतात. हाच जंतू बाहेरचा डीएनएही सहज आत घेतो. त्या गुणाचा उपयोग करून ट्रॉम्बेमध्येच डॉ. श्री. कु. आपटे यांच्या गटाने त्याच्यात दुसऱ्या जंतूचं एक जनुक घातलं आणि विरळ युरेनियम द्रावणातून साक्यासारखं खाली बसवून दाखवलं. मराठी माणूस म्हणून सांगताना थोडी छाती फुगते, फुगू द्यावी.

असो, बडोद्याला परत येऊ. या विषयाचं आपल्या गावाशी जुनं नातं आहे. गाजरावाडीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात भाभा केंद्राने बडोदा महानगरपालिका आणि आपलं विद्यापीठ यांच्या सहकार्याने गाळावर गॅमा किरण सोडणारं संयंत्र उभारलं. त्याचं इंग्रजी नाव 'स्लज हायजिनायझेशन रिसर्च इरॅडिएटर'. आद्याक्षरं जुळवा, होतं 'श्री'! ज्याने हे नाव ठेवलं त्याने कार्यारंभी नमन बरोबर साधलं. देशात शहरी मैल्यावर हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो इथे, हे आपल्यातल्याच किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

तिथे काय साधतं, ते पाहा. ई. कोलायसारख्या जंतूंची संख्या साधारण दर तीनशे ग्रेमागे एक दशांश होते. तीन हजार ग्रे म्हणजे अशा दहा पायऱ्या. कागदावरचा हिशेब केला तर हजार कोटींत एक उरतो. प्रत्यक्ष गाळात आकडे थोडे मागेपुढे होतात, कारण गाळ म्हणजे काही काचेची नळी नव्हे. पण टायफॉइडचे जंतू, जंतांची अंडी यांचा निकाल लागतो. खत किरणोत्सर्गी होतं का, तर अजिबात नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून साठ-नव्वद ग्रे देतात, २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला चारशे ग्रे, आणि मसाल्यांना तर हजारो. तो मसाला तुमच्यापैकी अनेकांनी खाल्लाही असेल.

मग आमची चूक कुठे होती? 'सगळं मेलेलं आहे' हे जवळपास खरं होतं. 'म्हणून निर्धास्त' ही उडी चुकीची होती. मैल्यात साऱ्या शहराच्या पोटातले जंतू येतात आणि शहर प्रतिजैविकं शेंगदाण्यासारखी खातं, तेव्हा आईंच्या कागदावरचे ते 'आर' तिथे जनुकांच्या रूपात असणारच. जंतू मारण्यापुरती मात्रा दिली, तर त्या जनुकांपैकी काही वाचण्याजोगी मागे उरतात.

पण लगेच पोती परत पाठवू नका. उघडा पडलेला डीएनए मातीत फार दिवस टिकत नाही. डीएनए कापणारी विकरं मातीत भरपूर असतात. थोडा मातीच्या कणांना चिकटून टिकतो, तेवढाच. बाहेरचा डीएनए आत घेण्याची क्षमता सगळ्या जंतूंत नसते आणि ज्यांच्यात असते त्यांच्यातही बहुतेकदा ठरावीक अवस्थेतच असते. ई. कोलायला तर आम्हाला बर्फ आणि गरम पाण्याचा धक्का द्यावा लागला होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जिवंत जंतू आपली प्लाझ्मिडं शेजाऱ्याला सरळ अंगाला अंग लावून देतात, पुन्हापुन्हा, आणि स्वतः वाढतही राहतात. मेलेला जंतू एकदाच देऊ शकतो, तेही कुणी उचललं तर. कच्चा मैला शेतात जातो त्याच्यापुढे किरण दिलेलं खत शंभर पटीने बरं, असं आम्ही म्हणू. शंभर हा आकडा बोलण्यातला, मोजलेला नाही.

तर त्या रविवारी आम्ही काकांच्या दारी गेलो आणि हे सगळं सांगितलं. व्याख्यान एवढं लांबलं नव्हतं, पण चहा दोनदा झाला. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे घालायचं की नाही, ते सांगा." आम्ही सांगितलं ते असं : जास्वंद, मोगरा, कडुनिंब, लॉन, सगळ्याला घाला. पोतं उघडं ठेवू नका. पावसात भिजलेल्या, उंदीर फिरलेल्या खतात जिवंत जंतू पुन्हा बसतात, मग किरणांचा खर्च वाया. टाकताना हातमोजे घाला. कोथिंबीर, मुळा, गाजर, जे आपण कच्चं खातो त्या वाफ्यांना मात्र गांडूळखतच ठेवा. आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मोरीत टाकू नका. ही शेवटची गोष्ट काकूंना सर्वांत जास्त पटली. त्यांनी फ्रिजवरचा डबाच काढून आणला, त्यात तीन अर्धवट पाकिटं निघाली.

"आणि दूर्वा?" काकूंनी विचारलं. त्याचा आम्ही विचारच केला नव्हता. बागेच्या कोपऱ्यात दूर्वांचा चौकोन आहे. त्या देवाला वाहतो, पण प्रसादात पडतात, मुलं तोंडातही घालतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दूर्वांचा चौकोन गांडूळखताच्या बाजूला टाकला. इथे बाप्पांपुढे ज्या जुड्या वाहिल्या आहेत त्यांतल्या काही त्याच चौकोनातल्या आहेत. जास्वंदी पोत्यातल्या खताच्या आहेत.

आता तुमचे प्रश्न असतील तर विचारा.